म्हेत्रे अण्णांची अकरा दारं

सिद्धप्पा म्हेत्रे यांना नंबर टाकल्याशिवाय चैन पडत नसे. तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. तिथल्या प्रत्येक गठ्ठ्याला, प्रत्येक कपाटाला, आणि एकदा तर शिपाई बसलेला असताना त्याच्या स्टुलालाही त्यांनी नंबर टाकला होता. बावन्न सालचा कागद मागा. म्हेत्रे उठणार, तिसऱ्या रांगेत न बघता हात घालणार, कागद काढून तुमच्या नाकासमोर झटकणार. शिंका तेवढ्या तुम्ही द्यायच्या. घरी मात्र याच माणसाला मीठ कुठं असतं ते माहीत नव्हतं. घरचं रेकॉर्ड महानंदाबाईंकडं होतं आणि त्यांनी कशालाच नंबर टाकला नव्हता.

महानंदाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आठ दिवस ताप काय आला आणि एवढी हिंडती फिरती बाई गेली. चौदाव्या दिवशी शेवटचा पाहुणा रिक्षात बसला आणि म्हेत्रे अण्णा पहिल्यांदा एकटे स्वयंपाकघरात शिरले. मीठ शोधायला त्यांना पाऊण तास लागला. ते शेगडीशेजारी, डोळ्यांसमोर, काचेच्या बरणीत होतं.

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातलं त्यांचं घर ओळीतलं, भिंतीला भिंत लागून. स्वयंपाकघरात एका भिंतीला खाली-वर मिळून लाकडी कपाटं, दारं अकरा. ती प्रभु सुतारानं केलेली. मुलगी चेतना पहिलीत गेली त्या वर्षी. प्रभु सुताराचा टेपवर विश्वास नव्हता. तो वितीनं मोजायचा, आणि त्याची सकाळची वीत आणि संध्याकाळची वीत यांत फरक पडायचा. त्यामुळं अकरा दारांची मापंही अकराच. मुठी राहिल्या होत्या. "पुढच्या खेपेला बसवतो की वैनी," म्हणून तो जो गेला, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तोवर दारं कडेला बोटं घालून ओढायची, असं ठरलं होतं.

महानंदाबाईंच्या मागं ही दारं ओढायचं अण्णांना कारणच उरलं नाही. चहाचं पातेलं, एक कप, एक ताट, सगळं ओट्यावर. जेवण मेसच्या डब्यातलं. पण हे चेतनाला कोण सांगणार? अण्णांना ती अप्पा म्हणायची, आईला अव्वा. ती पुण्यात, नवरा आशिष, दोघांच्या नोकऱ्या, मुलाची शाळा, आणि दर रविवारी फोनवर एकच टुमणं: "अप्पा, पुण्याला चला. एकटे काय खाता, काय करता तिथं?"

"करतो की सगळं. रोज ताजा स्वयंपाक असतो," अण्णा सांगायचे. पुरावा मागितला गेला तेव्हा ते डगमगले नाहीत. पुराव्यावरच आयुष्य गेलेलं. मेसचा डबा आला की भाजी महानंदाबाईंच्या पितळी पातेल्यात ओतायची, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकायच्या, फोटो काढून मुलीला पाठवायचा आणि भाजी परत डब्यात भरून जेवायला बसायचं. पातेलं घासावं लागतं म्हणून ते जेवणाआधीच विसळून ठेवायचे. मेसवाल्याचं कोबीवर जिवापाड प्रेम होतं. चेतना एकदा म्हणालीही, "अप्पा, कोबी फार करता हो तुम्ही."

"स्वस्त आहे," अण्णा म्हणाले. "आणि पचायला बरा."

डिसेंबरात तिचा फोन आला तो मात्र सरळ निकालाचाच होता.

"अप्पा, मी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतीय. चार दिवस. स्वतः बघते आता. अव्वाचं स्वयंपाकघर चालू दिसलं तर पुण्याचं नाव परत काढणार नाही. बंद दिसलं तर सामान बांधायचं, घराला कुलूप. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. दारं तेलकट, काळपटलेली, कडेला रंगाचे पोपडे. दुसरा कुणी असता तर निदान वरणभात शिकायला लागला असता. पण सरकारी नोकरानं तेहतीस वर्षांत एक गोष्ट पक्की पाहिलेली असते. वरचे साहेब तपासणीला येणार म्हटलं की कामाला कुणी हात लावत नाही. भिंतीला रंग लावतात.

अशोक चौकाकडं रंगाच्या दुकानात यन्नमशेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालक, पेंटर देऊ का?"

"नको. मीच करणार."

"वय काय तुमचं?"

"सदुसष्ट. नोंद आहे."

यन्नमशेठनी एक उसासा टाकला आणि समजावून सांगितलं. दारं काढायची. सोड्याच्या पाण्यानं धुवून तेल काढायचं. पॉलिश पेपरनं घासायची. भेगा-खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की परत घासायची. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. "आणि शेवटचं, मालक, नीट ऐका. ऑइल पेंट वरनं वाळतो, आतनं लवकर वाळत नाही. दारं बसवल्यावर महिनाभर रोज उघडझाप करायची, रात्री जरा उघडीच ठेवायची. बंद करून ठेवलात की चौकटीला चिकटून बसतात."

अण्णांनी ते वहीत उतरवून घेतलं. रंग विचारल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. तक्त्यावर बोट ठेवलं.

"हा? हा तर ऑफिसच्या कपाटांचा हिरवा!"

"टिकतो," अण्णा म्हणाले.

कामाला ते लागले ते शिस्तीनं. पहिलं काम अर्थातच नंबर. पाण्याच्या दिवशी, नळाला धार होती तोवर, अकराही दारं धुवून निघाली. मग कोरड्या दारांवर त्यांनी पेन्सिलीनं सुवाच्य अक्षरात एक ते अकरा आकडे घातले, प्रत्येकाभोवती गोल, खाली तारीख आणि लहान सही. कुठं? तर दाराच्या ऐन तोंडावर. नंबर दर्शनी भागावर टाकावा, हा रेकॉर्ड रूमचा पहिला नियम. मग त्यांनी पेचकसानं बिजागऱ्या सोडवल्या, दारं एकेक करून गच्चीवर नेली, मांडी घालून बसले आणि पॉलिश पेपर घेऊन दर्शनी भाग घासायला लागले.

तीन दिवस घासत होते. अकराव्या दारावरची स्वतःची सही स्वतःच्या हातानं पुसली गेली तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी मागं वळून पाहिलं. दहा दारं उन्हात उताणी पडली होती, स्वच्छ, गुळगुळीत आणि बिननावाची.

"काय झालं अण्णा? भूत बगितल्यासारकं का बसलाय?" शेजारच्या गच्चीवरनं बजाबाई म्हणाल्या. बजाबाई मूळच्या केम गावच्या. कडक भाकरीचा धंदा करायच्या. पापडासारख्या पातळ भाकऱ्या त्यांनी खाटेवर वाळत टाकल्या होत्या. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळं अण्णांचा संसार त्यांना गच्चीवरून पुरता दिसायचा.

"नंबर पुसले गेले," अण्णा म्हणाले.

"कुनी पुसले?"

अण्णांनी हातातला पॉलिश पेपर पाठीमागं लपवला.

"अगं बया! सवताच?" बजाबाई खाटेचा खूर धरून हसल्या. "आन म्हनं तेहतीस वर्सं रेकॉड सांबाळलं! आता कुटलं दार कुटं बसवायचं?"

"मापावरून बसवणार."

"ते सुताराला जमलं न्हाय, तुमाला जमतंय व्हय!"

दुपारी त्या भाकरीचा पुडा द्यायला खाली आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. दारं नसलेली कपाटं आ वासून उभी होती. डबे, बरण्या, पुरणयंत्र, सोऱ्या, शेंगाचटणी कुटायचा खलबत्ता, सगळं महानंदाबाईंनी ठेवलं होतं तसं, जागच्या जागी. आणि सगळ्यावर बोटभर धूळ. त्या धुळीवर कुठंही हाताचा ठसा नव्हता.

बजाबाईंच्या जिभेवर टोमणा आला असावा. तो त्यांनी गिळला. "पुडा हितं ठिवते," एवढंच म्हणाल्या. ओट्यावर शेंगाचटणीची पुडी आणि भाकरी ठेवून गेल्या.

त्या संध्याकाळी अण्णा पाटावर बसून जेवले. आजवर जेवताना समोर बंद दारं असायची. बंद दाराकडं पाठ फिरवली काय आणि तोंड केलं काय, सारखंच. आता अकरा उघडे कप्पे त्यांच्याकडं पाहत होते. मोहरीचा डबा, जिऱ्याचा डबा, संक्रांतीचे तीळ कोरडे भाजायची कढई. ती सगळी मंडळी जणू कचेरीबाहेर बाकड्यावर बसून होती. दोन वर्षं कुणी आत बोलावलेलं नाही. अण्णांनी कोबी अर्ध्यावर टाकला आणि फडकं घेऊन डबे पुसायला घेतले. कुठल्याच डब्यावर नाव नव्हतं. त्यांनी एक उघडला, वास घेतला. धने असावेत.

पुढचे दिवस लांबी भरण्यात गेले. प्रत्येक दाराला भेगा, खिळ्यांची भोकं. एका दाराच्या उघडायच्या बाजूला, कडेवर, जरा खालच्या अंगाला एक पसरट खळगी होती. पळीच्या तोंडाएवढी. लाकूड तिथं झिजून काळंभोर आणि गुळगुळीत झालेलं. "प्रभुचा रंधा सटकला असणार," असं म्हणत अण्णांनी ती खळगी लांबीनं भरली. एका हातात भरली नाही, तीन हात द्यावे लागले. वाळल्यावर घासली, बोट फिरवून पाहिलं. कड आरशासारखी सपाट. सगळ्या कामात त्यांना या कडेचाच सगळ्यात जास्त अभिमान वाटला. बजाबाईंना बोलावून दाखवलीही.

"झ्याक," बजाबाई म्हणाल्या. "तुमची दारं आन माज्या भाकरी, दोनी एकाच उनात. पन माज्या भाकरीवर तुमच्या रंगाचा वास आला तर गिऱ्हाईक तुमच्याकडं धाडते."

प्रायमर झाला. हिरव्या रंगाचे दोन हात झाले. दोन चिमण्यांनी सहाव्या, म्हणजे जे सहावं असावं त्या, दारावर पावलं उमटवली. ती पुन्हा घासावी लागली. जानेवारीच्या दहा तारखेला दारं बसवायला सुरुवात झाली. बजाबाईंचं भाकीत खरं ठरलं. एक दार घ्यायचं, पहिल्या चौकटीला लावायचं, नाही बसलं की दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुठं वीतभर फट, कुठं दार आत शिरायलाच तयार नाही. एकटा माणूस, एका हातानं दार धरायचं, गुडघ्यानं रेटायचं आणि दाताखाली स्क्रू धरून पेचकस शोधायचा, तर तो पलीकडच्या ओट्यावर. "जरा धर गं," हे शब्द त्यांच्या तोंडून दोनदा निघून गेले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा ते स्टुलावरून खाली उतरले आणि पाणी पिऊन आले.

अकरा तारखेच्या दुपारपर्यंत दहा दारं बसली. शेवटचं उरलं ते आपोआप शेगडीशेजारचं. ते चौकटीत चपखल बसलं. अण्णांनी ते बंद केलं, दोन पावलं मागं सरून भिंत डोळे भरून पाहिली, आणि पुन्हा उघडायला गेले. बोटं घसरली. पुन्हा धरलं, पुन्हा घसरली. बाकीच्या दारांना कडेला जेमतेम नख तरी लागत होतं. इथं काहीच नव्हतं. गुळगुळीत, हिरवी, सपाट कड.

तेव्हा त्यांना आठवलं. आठवलं म्हणजे डोळ्यांपुढं आलं. महानंदाबाई शेगडीपाशी उभ्या, डाव्या हातात उलथनं, तोंडानं अण्णांना काहीतरी ऐकवतायत. विजेचं, शेजाऱ्यांचं, त्यांच्या विसरभोळेपणाचं. आणि उजवा हात न बघता मागं जातोय, बोटं कडेखाली शिरतायत, दार उघडतंय. मोहरी. बंद. परत उघडतंय. हळद. बंद. दिवसातून चाळीसदा. पंचवीस वर्षं. प्रभु सुताराचा रंधा सटकला नव्हता. प्रभु सुतारानं मूठ बसवली नाही, म्हणून बाईनं आपल्या बोटांनी लाकडात ती करून घेतली होती. आणि म्हेत्रे अण्णांनी, ज्यांनी आयुष्यात एक कागद गहाळ होऊ दिला नाही, तीच जागा तीन हात लांबी देऊन बुजवली होती. वर बजाबाईंना बोलावून दाखवली होती.

चेतना दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. स्वयंपाकघर लखलखत होतं. तपासणीत हरकत निघण्यासारखं काहीही नव्हतं.

अण्णांनी भाजीची सुरी आणली. फटीत सरकवून दार उघडलं, खाली बसले आणि सुरीच्या टोकानं कड खरवडायला लागले. हिरव्या रंगाच्या सालपट्या मांडीवर पडल्या, मग पांढरी लांबी भुकटी होऊन पडली. घाई केली नाही. लाकडाला टोक लागू नये म्हणून शेवटचा थर त्यांनी नखानं काढला. तासाभरानं ते काळं, गुळगुळीत लाकूड पुन्हा दिसलं. त्यांनी आपली बोटं त्यात ठेवून पाहिली. त्यांची दोनच बसली. तिची तीन बसायची.

त्यांना पुन्हा रंगाचा डबा उघडता आला असता. तेवढा दिवस हातात होता. त्यांनी झाकण ठोकून बसवलं. मग झाडलोट केली, आणि पाहुणी यायची म्हणून, नीटनेटकं दिसावं म्हणून, अकराही दारं घट्ट दाबून बंद केली. यन्नमशेठनी सांगितलेलं वहीत होतं. वही खुंटीवरच्या पिशवीत होती.

चेतना सकाळी आली. पिशवी ठेवली, पायसुद्धा धुतले नाहीत, थेट स्वयंपाकघरात.

"अगं बाई! अप्पा, ऑफिस केलंत की घराचं!"

"टिकतो तो रंग," अण्णा म्हणाले.

तिनं पहिलं दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तिसऱ्याला तिनं भिंतीवर पाय टेकवून जोर लावला.

"कुलूप लावलंय काय?"

"रंग ओला आहे," अण्णा पुटपुटले. "आतनं."

दहाही दारं चौकटीला धरून बसली होती. चालू स्वयंपाकघराची साक्ष द्यायला उभी केलेली दहाही माणसं ऐनवेळी तोंड मिटून बसावीत, तसं झालं. अण्णा ओट्याला टेकून जमिनीकडं पाहत राहिले. मग चेतना शेगडीपाशी आली. बोलता बोलता तिचा हात मागं गेला, न बघता, बोटं कडेखाली शिरली, आणि अकरावं दार अलगद उघडलं.

आत मोहरी नव्हती; डबे पुसताना ती दुसऱ्याच कप्प्यात गेली होती. मेसचे दोन डबे होते, धुवून एकावर एक ठेवलेले.

चेतना डब्यांकडं बघत राहिली. तिची बोटं अजून कडेवरच होती.

"कोबी यातला?"

"हो."

"मला वाटलंच. अव्वानं उभ्या जन्मात चारदा कोबी केला नसेल." मग तिनं कडेकडं पाहिलं. "एवढंच रंगवायचं राहिलं का?"

"रंगवलं होतं," अण्णा म्हणाले. "काढलं."

तिनं मान हलवली. दोघांनी मिळून उलथन्यानं आणि सुरीनं दहा दारं उचकटली. प्रत्येकाच्या कडेला हिरव्या रंगाचे टवके उडाले, आणि अण्णांच्या दोन आठवड्यांच्या मेहनतीची कळा थेट जुन्या कपाटांसारखी झाली. चार दिवस घरात फोडणीचा वास होता. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला दोघं जाऊन आले, गड्ड्यावर चेतनानं भजी खाल्ली, बजाबाईंशी गच्चीवर तासभर बोलली. काय बोलली ते अण्णांना कळलं नाही, पण बजाबाई दोन दिवस त्यांना टोमणा मारायच्या विसरल्या, यावरून विषय आपलाच होता हे त्यांनी ओळखलं.

ती निघायच्या दिवशी अण्णांनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली होती. पुसून, उघडून, कॉटवर ठेवली होती. आत दोन धोतरं, एक स्वेटर आणि महानंदाबाईंचा फोटो पंच्यात गुंडाळून. कबूल केलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती.

चेतनानं बॅग पाहिली. बराच वेळ पाहिली.

"अप्पा, तो रंग ओला असताना घर बंद ठेवलं तर काय होतं?"

"दारं चिकटतात."

"मग रोज उघडझाप कोण करणार?"

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं.

"किती दिवस लागतात वाळायला?"

"यन्नमशेठ महिना म्हणतात."

"मग महिनाभर तरी तुम्हाला हलता येणार नाही," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावली. "रंग वाळला की सांगा. मग बोलू."

ती गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. भांड्याचा आवाज नाही, माणसाचा नाही. अण्णा रोज सकाळी उठून अकरा दारं उघडायचे, एकेक करून, क्रमानं. आता दारं बसली त्या जागांप्रमाणं नंबर टाकून झाले होते, आतल्या बाजूला. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. आता दार उघडलंच आहे तर नुसतं कसं बंद करायचं, म्हणून एके दिवशी त्यांनी मोहरी काढली. ती जळली. बजाबाईंनी गच्चीवरनं ओरडून सांगितलं, "अण्णा, तेल तापलं की गॅस बारीक करा, न्हायतर मोहरी न्हाय, तुमीच तडतडाल!" दुसऱ्या दिवशी ती कमी जळली. डाळीला त्यांनी कुकरच्या सहा शिट्ट्या दिल्या आणि सातवी सुरक्षिततेसाठी. मेसचा डबा एक वेळचा झाला. ताट मात्र एकच लागायचं. खाऊन झालं की ते जिथं होतं तिथंच ठेवायचं.

मे महिना आला. सोलापुरात दुपारी रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं, गच्चीवर बजाबाईंच्या भाकऱ्या दहा मिनिटांत वाळून खाटेवर खडखडत होत्या. रविवारी चेतनाचा फोन आला. नातवाची परीक्षा, आशिषची बदली, सगळं झालं. मग ती म्हणाली, "अप्पा, रंग वाळला का हो?"

अण्णांनी शेगडीशेजारच्या दारावर अंगठा दाबून पाहिला. दगडासारखं घट्ट होतं.

"अजून जरा ओला आहे," ते म्हणाले. "आतनं."

"मे महिन्यात?"

"हवेत ओल फार आहे यंदा."

"बरं," चेतना म्हणाली. "घाई नाही काही. आज काय केलंत?"

"कोबी," अण्णा म्हणाले. "मीच केला. फोटो पाठवतो."

फोन ठेवून त्यांनी फोटो काढला. कोबी कडेनं लागला होता. कोथिंबीर टाकायचं सुचलं नाही. मग दार उघडून मोहरीचा डबा आत ठेवला, दोन बोटांनी कड धरून लोटलं, आणि एका ताटात वाढून घेतलं.